फर्स्ट शिफ्टची टिंबं

आमच्या घरातून कोणी बाहेर जायला निघालं की मी मागच्या खोलीत जाते. नवऱ्याच्या मोटारसायकलचा आवाज कोपऱ्यावरून वळून मोठ्या रस्त्याकडे गेला की मगच बाहेर येते. सत्तावीस वर्षं झाली याला. सुरुवातीला माझी आई सांगायची, "जाय वं, आत जाय." आता ती सांगत नाही, अन् सांगावं लागतही नाही. चपलांचा आवाज झाला की माझे पाय आपोआप मागे वळतात. त्या खोलीत शिलाई मशीन आहे, पाहुण्यांच्या गाद्यांचा ढीग आहे, अन् खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते. तिचं प्लास्टर कुठे कुठे उडालं आहे ते मला तोंडपाठ आहे.

बाहेर मी गणिताची मास्तरीण. बारावीला शिकवते, आवाज असा की तिसऱ्या वर्गापर्यंत ऐकू जातो. कोणी म्हटलं की मांजर आडवी गेली म्हणून पेपर खराब गेला, तर मी त्याला असा झाडते की पुन्हा मांजरीचं नाव काढत नाही. अन् तीच बाई घरी नवरा निघाला की गाद्यांच्या ढिगाशी जाऊन उभी राहते. हसायचं तर हसा. मला स्वतःला कधी हसू आलं नाही.

झालं ते असं. आमचं घराणं भंडाऱ्याकडचं, शेतीतलं. बाबा पहिले, जे इकडे भिलाईला येऊन स्टीलच्या प्लांटमध्ये लागले. सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघं राहायचो, अन् बाबांच्या शिफ्टप्रमाणे आमचं जेवण, झोप, बोलणं, सारं चालायचं. बाकी भिलाईत सगळ्यांचं तसंच होतं. पण आमच्या घरात एक गोष्ट फार कडक होती. निघालेल्या माणसाला मागून टोकायचं नाही. कुठे चाललात, कधी येता, काही राहिलं का, काही म्हणजे काही नाही. चुकून कोणी टोकलंच, तर जाणाऱ्यानं परत यायचं, दोन मिनिटं बसायचं, दोन घोट पाणी प्यायचं, मग निघायचं. अन् 'जाऊ नका' हा शब्द तर उंबऱ्यावर तोंडातून काढायचाच नाही. तो आईच्या लेखी सगळ्यात वाईट.

मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. फर्स्ट शिफ्ट सहाची, म्हणून बाबा सव्वापाचला निघायचे. परीक्षा आठवड्यावर आली होती अन् मी पुढच्या खोलीत पुस्तक घेऊन बसले होते. बाबा बाहेर गेले, स्कूटर स्टँडवरून काढली, अन् मला आत स्वयंपाकाच्या ओट्यावर डबा दिसला. मी विचार न करता ओरडले, "बाबा, डबा!"

ते परत आले. दाराच्या चौकटीला हात टेकून, मान खाली घालून उभे राहिले. बूट नीट करत असतील, असं मला वाटलं. मी डबा पुढे केला, तो त्यांनी लगेच घेतला नाही. मला पुस्तकाकडे जायची घाई. "घ्या ना बाबा लवकर," मी म्हणाले, जरा चिडूनच. त्यांनी डबा घेतला अन् म्हणाले, "बरं झालं टोकलं, नाही तं उपाशी राह्यलो असतो." तेवढ्यात आई आतून आली. "बसा. दोन घोट पाणी घ्या."

"टाइम झाला," ते म्हणाले अन् गेले.

मरोद्याच्या तलावाजवळ त्यांनी स्कूटर बाजूला घेतली, नीट स्टँडवर लावली अन् झाडाखाली बसले. तिथून उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हार्ट. डबा स्कूटरच्या हुकाला तसाच लटकलेला होता. कोणीतरी तो स्कूटरसोबत घरी आणून दिला. आम्ही तो उघडला नाही.

तेराव्यानंतर पाहुणे परत जायला निघाले. मामा उंबऱ्यावर चपला घालत होते, मी त्यांच्या मागे उभी, अन् आई भिंतीला टेकून बसली होती ती एकदम म्हणाली, "तू आत जाय." सगळ्यांसमोर. मी आत गेले. त्या दिवसापासून तेच. माझ्या स्वतःच्या लग्नात निघणारी मीच होते, म्हणून तेवढी सुटले.

आईनं कधीही म्हटलं नाही की तुझ्या टोकण्यानं बाबा गेले. एकदा म्हटलं असतं तर मी भांडले असते. भांडायला मला चांगलं येतं. पण न म्हटलेल्या गोष्टीशी भांडायचं कसं? क्वार्टर सोडावं लागलं, माझं लग्न झालं, नंतर आई माझ्याकडेच राहायला आली. नवऱ्यानं नेमकं मरोद्यात घर घेतलं, तेव्हाही मी नाही म्हणाले नाही. शाळेत जाताना ते झाड लागतं. मी मान वळवत नाही, तरी ते आलं ते मला कळतं. अजूनही कधी भर वर्गात, फळ्याकडे तोंड असताना, मला माझाच आवाज ऐकू येतो. बाबा, डबा. तेव्हा मी खडू जरा जोरात दाबते.

यंदा पोरीला पुण्यात नोकरी लागली. एकुलती एक पोर. तिला या सगळ्याची चीड आहे, अन् तिचा जिभेवर ताबा माझ्याइतकाच. एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "आई, एक बात सांगते. गुरुवारी मी निघेन तेव्हा तू दारात पाहिजेस. वो पीछे वाले रूम का ड्रामा मला नको. तू आत गेलीस तर मी जाणारच नाही."

"जाशील मुकाट्यानं," मी म्हणाले.

"बघच मग," ती म्हणाली. अन् मला ठाऊक होतं, ही करेल.

नेमकं त्याच आठवड्यात वर्गात प्रॉबॅबिलिटी चालू होती. दोन घटना स्वतंत्र केव्हा म्हणायच्या? पहिली घडली हे कळल्यानं दुसरीची शक्यता तिळभरही बदलत नसेल तेव्हा. नाणं टाकलं, फासा टाकला. नाण्यावर छापा आला म्हणून फाशाला काही फरक पडत नाही. दर सहा वेळांत साधारण एकदा सहा यायचा तर तेवढाच येणार. हे मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा सांगितलं आहे की सांगताना घरी भाजी काय करायची याचा विचार करू शकते. पण पहिल्या बाकावरच्या एका पोरीनं हात वर केला. "मैडम, सिक्के का तो समझ गए. घर की बातों में कैसे पता करें?"

"गिनो," मी म्हणाले. "पहली बात कितनी बार हुई, दूसरी कितनी बार, और दोनों एक साथ कितनी बार. रोना-धोना बाद में."

पोरं हसली. मी फळा पुसायला वळले अन् माझा हात तिथेच थांबला. घरी मोजायला सारं होतं. दिवाणात, जुन्या स्वेटरांखाली, आईची कॅलेंडरं होती.

भिलाईत प्रत्येक घरी स्वयंपाकघरात कॅलेंडर असतं अन् त्यावर शिफ्ट लिहिलेली असते. आई चौकोनाच्या कोपऱ्यात लहान अक्षर काढायची. फ म्हणजे फर्स्ट, से म्हणजे सेकंड, ना म्हणजे नाइट. पण आमच्या कॅलेंडरवर आणखी दोन खुणा असायच्या. ज्या दिवशी बाबांना कोणी टोकलं, त्या दिवशी आई बोटानं कुंकवाचं टिंब लावायची, म्हणजे ते परत आल्यावर मीठ-मोहरी ओवाळून टाकायचं ध्यानात राहील. अन् ज्या दिवशी काही वाईट झालं, हात भाजला, स्कूटर घसरली, कोणाला ताप भरला, त्या दिवशी पेन्सिलची फुली. ओवाळूनही कुठे कुठे चुकलं ते तिला पाहायचं असे. बाबा थट्टा करायचे, "आमच्या घरी दोन इन्स्पेक्टर. एक प्लांटमधला अन् एक ओट्यापाशी." लहानपणी मीही हसायचे.

रविवारी दुपारी नवरा बाहेर गेलेला, पोरगी मैत्रिणींकडे, आई पुढच्या खोलीत मेथी निवडत बसलेली. मी मागच्या खोलीत कॅलेंडरं काढली. शेवटच्या वर्षाचं बाजूला ठेवलं, ते उघडायची हिंमत झाली नाही. त्याच्या आधीच्या वर्षाचं घेतलं, वही काढली अन् पेपर तपासायला बसते तशी बसले.

आधी साऱ्या वर्षाच्या फुल्या मोजल्या. दहा दिवसांत साधारण एक. मग फक्त टिंबाचे दिवस घेतले अन् त्यांतल्या फुल्या मोजल्या. टोकण्याचा काही संबंध नसेल तर इथेही दहात एकच यायला पाहिजे. मी दोनदा मोजलं. सहात एक येत होती.

खोटं कशाला सांगू, गणिताची मास्तरीण तिथल्या तिथे संपली. म्हणजे आई बरोबर होती? म्हणजे मी टोकलं अन् बाबा... मी वही मिटली. बाहेर आई मेथीच्या काड्या ताटात टाकत होती, त्याचा आवाज येत होता. मला वाटलं, गुरुवारी पोरीला म्हणावं, जा बाई रागावून, पण मला दारात उभी करू नकोस.

मग डोळे पुसून मी पुन्हा पान पाहिलं. अन् तेव्हा दिसलं ते इतकं साधं होतं की मला माझाच राग आला. टिंबं महिनाभर पसरलेली नव्हती. काही काही आठवड्यांत दाटीनं होती अन् बाकीचे आठवडे जवळजवळ कोरे. दाटीच्या चौकोनांच्या कोपऱ्यात प्रत्येक वेळी एकच अक्षर. फ.

फर्स्ट शिफ्ट असली की सारं घर चारला उठायचं. बाबा झोपेत चष्मा विसरायचे, गेटपास विसरायचे, म्हणून कोणीतरी मागून ओरडायचं. त्याच झोपेत आईचा हात तव्याला लागायचा, दूध उतू जायचं, ओल्या रस्त्यावर स्कूटर घसरायची. टोकण्यानं काही बिघडत नव्हतं. दोन्ही एकाच पहाटेची लेकरं होती. मी फक्त फर्स्ट शिफ्टचे दिवस वेगळे काढले. टिंबवाल्या दिवसांत पाचात एक फुली, बिनटिंबवाल्यांतही पाचात एक. बाकीच्या शिफ्टमध्ये फुल्याच थोड्या, अन् त्याही टिंबांच्या मागे मागे फिरत नव्हत्या. शिफ्ट कळली की टोकणं अन् वाईट होणं यांचा एकमेकांशी काही संबंध उरत नव्हता. स्वतंत्र. पुस्तकात असतं तसं स्वतंत्र.

मला रडू आलं, अन् ते आनंदाचंच होतं. वीस वर्षांची असताना कोणी हे मला करून दाखवलं असतं तर! मी कॅलेंडरांची सगळी गुंडाळी उचलली अन् तशीच आईसमोर जाऊन बसले.

"आई, हे पाय. तुझी टिंबं अन् फुल्या मोजल्या मी."

"कायले?"

मी तिला समजावलं. शिफ्ट, झोप, दूध, चष्मा, सारं. वर्गात समजावते त्याहून सावकाश. ती मेथी निवडतच राहिली. शेवटी मी म्हणाले, "टोकल्यानं कोणाचं काही होत नाही, आई. माझ्यानं बाबाचं काही झालं नाही."

"मले माहीत हाय," आई म्हणाली.

माझं डोकं असं फिरलं! "माहीत हाय? मग सत्तावीस वर्षं मले आत काऊन धाडून राहिली? माझ्या डोक्यावर हे ओझं ठेवून तू मेथी निवडत बसली?"

तिनं ताट बाजूला सारलं. हात पदराला पुसले. मग गुंडाळीतून नेमकं तेच कॅलेंडर ओढलं, जे मी उघडलं नव्हतं, अन् पान न चुकता काढलं. त्या दिवसाच्या चौकोनात नुसता फ होता. टिंब नाही, फुली नाही. त्या दिवशी कोण लावणार? तिनं बोट ठेवलं ते आदल्या दिवसावर. तिथे पेन्सिलची फुली होती, दोनदा गिरवलेली.

"ही कशाची?" मी विचारलं.

"आदल्या रोजी ड्यूटीवरून आले तं छातीत भरून येते म्हणे. घामानं बनियन ओली. मी म्हटलं, दवाखान्यात चला. गॅस असंन म्हणे, उद्या ड्यूटी करून आलो का पाहू. रातभर पाठ चोळून देल्ली मीनं. सकाळी मले म्हणायचं होतं, नका जाऊ. पण बूट घालून तयार होते ते. निघाल्या माणसाले तसं कसं म्हणू? जीभच नाही उचलली. म्हणून डबा देल्ला नाही. ओट्यावर ठेवला. म्हटलं, तू नाही तं मी, कोणी तरी टोकीन. मग ते परत येतीन, बसतीन. एकदा बसले असते तं मी उठू देत नव्हती त्याईले."

सगळ्या भिलाईत अपशकुनाला एवढं भिणारी बाई, तिनं त्या दिवशी तोच अपशकुन मुद्दाम ओट्यावर मांडून ठेवला होता.

"तुनं टोकलं," आई म्हणाली. "ते आले. अन् बसले नाहीत."

"मग मी आत काऊन, आई?"

"तू दारात उभी राह्यली का मले तुझा आवाज येते कानात. बाबा, डबा. मले वाटते मी काऊन नाही बोलली. एका शब्दाचं काम होतं वं. अन् मले भेव लागे. तू हुशार हायस. एखाद्या रोजी विचारशीन, आई, डबा ओट्यावर राह्यला कसा?"

मी कधी विचारलंच नव्हतं. सत्तावीस वर्षं मी डबा दिसल्यानंतरचं आठवत आले. तो तिथे का होता, हा प्रश्न माझ्या डोक्याला शिवला नाही. मला आईचा भयंकर राग आला, अन् तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी रडले, दोन्ही एकदम. माझं दुपारपासूनचं गणित बरोबर होतं अन् त्या एका दिवसापुरतं चूक होतं. त्या दिवशी माझी हाक अन् बाबांचं जाणं स्वतंत्र नव्हतंच. दोन्ही त्यांच्या छातीतल्या त्या दुखण्यातून आली होती. आदल्या दिवशीच्या फुलीतून. आईनं माझ्या केसांत मेथीच्या वासाचा हात फिरवला अन् म्हणाली, "उठ आता, पोट्टी येईन."

गुरुवारी सकाळी पोरीची गाडी दुर्गहून होती. नवऱ्यानं बॅगा रिक्षात नेऊन ठेवल्या. पोरगी आजीच्या पाया पडली, अन् चपलांच्या रॅककडे वळली तेव्हा माझे पाय नेहमीप्रमाणे मागे निघाले. आईनं माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"इथंच राय," ती म्हणाली.

मी राहिले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मी आमच्या दारातून कोणाला बाहेर जाताना पाहत होते. पोरीनं एकदा मागे वळून खात्री करून घेतली अन् हसली. मग तिनं डावा हात चौकटीला टेकला, मान खाली घातली अन् तशीच उभी राहिली.

"काय झालं?" मी ओरडले. मागून, उंबऱ्यावर, केवढ्यानं तरी. "काय होतंय तुला? बस. आधी खाली बस."

ती दचकून वळली. "अगं, सँडलचा पट्टा लावतेय आई! क्या यार."

पट्टाच होता. तिनं बक्कल लावलं, सरळ झाली, डोळे मोठे करून आजीला म्हणाली, "हिला सांभाळ गं." तरी परत आत आली, खुर्चीच्या काठावर टेकली अन् आजीनं दिलेलं पाणी प्यायली. मग गेली. रिक्षा कोपऱ्यावरून वळली, तरी आईनं माझं मनगट सोडलं नव्हतं. मी त्या चौकटीकडे पाहत होते, अन् आईही तिकडेच पाहत होती.

बाबा बूट नीट करत नव्हते. ड्यूटीचे बूट ते आत खाटेवर बसूनच घालत अन् नाड्या आवळून बांधत, अन् त्या सकाळी त्या बांधलेल्या होत्या. मी डबा पुढे केला तेव्हा मला दिसल्या होत्या.